परमुलखातला पुराणिक

स्वदेशात मोकळेपणाने लिहिण्याची सोय उरली नाही, तर लेखकाने लिहावे कोणासाठी? सोळाव्या शतकात हा प्रश्न एका इंग्रजापुढे उभा राहिला आणि त्याचे उत्तर त्याला मराठीत सापडले. फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. एलिझाबेथ राणीच्या त्या अमदानीत कॅथलिक असणे म्हणजे जवळजवळ राजद्रोही असणे होते. त्यांचे स्नेही थॉमस पाउंड तुरुंगात गेले. स्टीफन्स यांनी रोमची वाट धरली, १५७५ मध्ये ते जेझुइट संघात दाखल झाले आणि ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंतची चाळीस वर्षे त्यांनी तेथेच काढली.

गोव्यात पोहोचताच त्यांनी वडिलांना सागरप्रवासाची हकीकत लिहून पाठविली. हे पत्र पुढे १५८९ मध्ये हॅक्लुटच्या प्रवाससंग्रहात छापले गेले आणि इंग्लंडमध्ये स्टीफन्स यांचे नाव राहिले ते मुख्यतः या पत्रामुळे. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळती असल्याचे नोंदविले. विल्यम जोन्सने हाच विचार जगापुढे मांडला तो त्यानंतर दोनशे वर्षांनी. भाषेचा असा कान असलेला हा मनुष्य ज्या लोकांत जाऊन पडला, ते कोकणी बोलणारे, पण पुराण ऐकायचे ते मराठीत, अशा वळणाचे होते.

त्यांचे कार्यक्षेत्र सासष्टी. तेथील देवळे पोर्तुगीजांनी १५६७ मध्ये पाडली होती आणि जुन्या पोथ्यांवर बंदी आली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यांची शवे परत आणण्याचे काम स्टीफन्स यांच्याकडे आले. पोर्तुगीजांनी या प्रकाराचा सूड गावच्या प्रमुखांचे प्राण घेऊन उगविला. स्टीफन्स यांना श्रोते मिळाले ते अशा भूमीवर, हे विसरून त्यांच्या काव्याचे कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

धर्म बदलला म्हणून कानांची सवय बदलत नाही. सायंकाळी चार माणसांनी एकत्र बसून पुराण ऐकण्याचा शतकांचा परिपाठ एका हुकूमाने बंद झाला होता आणि त्या जागी देण्यासारखे पाद्र्यांजवळ प्रश्नोत्तरांच्या पुस्तिकांपलीकडे फारसे काही नव्हते. जुनी पुराणे बंद केलीत, मग नवे का देत नाही, अशा आशयाची मागणी एका नवख्रिस्ती श्रोत्याच्या तोंडून स्वतः स्टीफन्स यांनीच आपल्या ग्रंथात नोंदविली आहे. काव्याची प्रेरणा त्यांना मिळाली ती या मागणीतून. मात्र ही भूक ज्या सत्तेने निर्माण केली, तिच्याच आश्रयाने ती भागविणारा हा कवी राहत होता. श्रोता असा लाभणे सुखाचे खचितच नव्हे. तथापि, त्या श्रोत्याला त्यांनी कमी लेखले नाही, हेही तितकेच खरे.

क्रिस्तपुराण हे भाषांतर नव्हे. पहिल्या पुराणाचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९ असे ९५ अवस्वरू, एकंदर सुमारे ११ हजार ओव्या, एवढा त्याचा विस्तार. बायबलमधील कथा त्यांनी ओवीत आणली, स्वर्गाला वैकुंठ म्हटले आणि पुराणिकाच्या रीतीने श्रोत्यांना हाताशी धरून कथन केले. भाषा ग्रंथांतली मराठी, पण सासष्टीच्या माणसाला अडू नये म्हणून तीत कोकणी शब्दांची मिसळ. आरंभीच मराठीची जी थोरवी त्यांनी गायिली, ती आज शाळकरी मुलांनाही ऐकून ठाऊक असते. मूळ ग्रंथ उघडून पाहणारे मात्र थोडे.

ही ओवी त्यांच्या काळात देशावरही बहरात होती. स्टीफन्स गोव्यात आले तेव्हा गोदाकाठी पैठणला एकनाथ हयात होते. पुढे तीर्थपुरी आज ज्या घनसावंगी तालुक्यात मोडते, त्याच तालुक्यातील जांब येथे १६०८ मध्ये रामदासांचा जन्म झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी स्टीफन्स रोमला आपल्या संघप्रमुखांना पत्र लिहून येथील लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी मागत होते. अक्षरे जोडाक्षरांची, म्हणून साचे सहाशेच्या घरात लागतील, हा अंदाजही त्यांनी दिला होता. ते खिळे कधी झाले नाहीत. १६१६ मध्ये रायतूर येथे क्रिस्तपुराण छापले गेले ते रोमी लिपीत. ओवी वाचून दाखविणारा एक आणि ऐकणारे शंभर, अशी रीत असल्यामुळेच ही परकी लिपी श्रोत्यांच्या आड आली नाही.

त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये त्यांचे कोकणीचे व्याकरण प्रसिद्ध झाले. भारतीय भाषेचे पहिले छापील व्याकरण म्हणून त्याची गणना होते. क्रिस्तपुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ आणि १६५४ मध्ये निघाल्या. त्यानंतर वारा फिरला. १६८४ च्या फर्मानाने लोकांच्या भाषेवरच गदा आली. ज्या भाषेत एका पाद्र्याने आयुष्य वेचले, ती सोडून पोर्तुगीज बोला, असे त्याच्या श्रोत्यांच्या नातवंडांना बजावण्यात आले. पोथी तरली ती हस्तलिखितांत आणि कंठांत, विशेषतः गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत. तेथूनच मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये ती पुन्हा छापली, तीही रोमी लिपीतच.

पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. देवनागरीतील हस्तलिखित मात्र लंडनच्या मार्सडेन संग्रहात निघाले आणि जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन अभ्यासकाने ते उजेडात आणले. देवनागरीत छापलेले क्रिस्तपुराण महाराष्ट्रातील वाचकाच्या हाती पडले ते १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या संपादनातून, स्टीफन्स यांनी खिळे मागितल्यानंतर ३४८ वर्षांनी. गोव्यात तेव्हाही पोर्तुगीजांचाच अंमल होता.