सॅम्युअल इन्सल

लंडन शहरात १८५९ साली सॅम्युअल इन्सल यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी शाळा सोडून ते एका लिलाव करणाऱ्या पेढीत हरकाम्या म्हणून राहिले. फावल्या वेळात त्यांनी लघुलेखनाची कला आत्मसात केली. त्या परिश्रमांचे चीज झाले. १८८१ साली थोर संशोधक एडिसन यांचे चिटणीस म्हणून ते अमेरिकेस गेले.

पुढे १८९२ साली मोठ्या पदाचा मोह सोडून त्यांनी शिकागो येथील एका लहानशा वीज कंपनीची सूत्रे हाती घेतली. तेथे त्यांच्यापुढे एक कोडे उभे राहिले. त्या काळी वीज मुख्यत्वे दिव्यांसाठीच लागे. तिन्हीसांजेस सारे शहर एकदम दिवे लावी. तेवढ्या वेळासाठी मोठमोठी यंत्रे उभारावी लागत. उरलेल्या वेळी मात्र त्यांतील बरीचशी रिकामी राहत. यंत्रांवरील खर्च काही थांबत नसे. साहजिकच वीज महाग पडे आणि गरिबाच्या घरात ती पोहोचत नसे.

१८९४ साली इंग्लंडमधील ब्रायटन या गावी इन्सल यांना एका नव्या मापकाची माहिती मिळाली. गिऱ्हाईक एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढते, हे त्यावरून कळे. त्या आधारे त्यांनी दर ठरविले. जो थोडा वेळच पुष्कळ वीज ओढी, त्याला ती महाग पडे; जो दिवसभर सारखी वापरी, त्याला स्वस्त मिळे.

मग त्यांनी ट्रामगाड्या आणि कारखाने यांना वीज देण्यास आरंभ केला. बर्फाचे कारखाने तर त्यांच्या योजनेस फारच सोयीचे होते. बर्फ साठविता येतो. म्हणून सायंकाळी यंत्रे थांबवून रात्री चालविली, तरी काही बिघडत नाही. शिवाय बर्फाची मागणी उन्हाळ्यात, तर दिव्यांची हिवाळ्यात अधिक. अशा रीतीने एकाच यंत्राला बारा महिने काम मिळू लागले. विजेचे दर उतरले आणि तिचा प्रसार झपाट्याने झाला.

परंतु यशाबरोबर इन्सल यांचा हव्यासही वाढला. त्यांनी कर्जाच्या पायावर कंपन्यांचा प्रचंड डोलारा उभारला. १९३२ साली तो कोसळला आणि हजारो सामान्य माणसांची पुंजी बुडाली. न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले, तरी गेलेली प्रतिष्ठा परत आली नाही. १९३८ साली पॅरिस येथे त्यांचा मृत्यू झाला.

त्यांचा डोलारा गेला. विचार मात्र उरला. आज ऊन आणि वारा यांपासून वीज निर्माण होते. पण सूर्य मावळतो, वाराही पडतो. अशा वेळी कारखान्यांनी आपले काम विपुल विजेच्या प्रहरी करावे आणि टंचाईच्या प्रहरी आवरते घ्यावे, म्हणजे कोळसा कमी जाळावा लागतो. शिकागोच्या बर्फाने शिकविलेला हा धडा आजच्या जगाला नव्याने उपयोगी पडत आहे.