भारतीय दंतवैद्यकाचे आद्य प्रवर्तक : डॉ. रफिउद्दीन अहमद

दात किडला तर सोसायचा आणि सोसवेनासा झाला की उपटून टाकायचा, हीच रीत खेड्यापाड्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आली. परभणी तालुक्यातील पेडगावसारख्या गावांनाही ती नवी नाही. कडुनिंबाची काडी, राखुंडी आणि भाजलेल्या तंबाखूची मिश्री हीच मराठवाड्यातील घरोघरची दंतसाधने होती. त्यांपैकी मिश्रीने व्यसन जडते, हिरड्या बिघडतात आणि मुखाच्या कर्करोगाचाही धोका वाढतो. दातांचे दुखणे हा नशिबाचा भोग नसून टाळता येण्याजोगा आजार आहे, हा विचार भारतात शास्त्रशुद्ध रीतीने रुजविण्याचे श्रेय डॉ. रफिउद्दीन अहमद यांच्याकडे जाते.

२४ डिसेंबर १८९० रोजी पूर्व बंगालमध्ये त्यांचा जन्म झाला. अलिगढ येथील शिक्षणानंतर ते अमेरिकेस गेले. आयोवा विद्यापीठातून १९१५ मध्ये त्यांनी दंतवैद्यकाची पदवी संपादन केली आणि पुढे बोस्टन येथील फोरसाइथ या मुलांच्या दंतरुग्णालयात काम केले. दंतक्षयाची सुरुवात बालपणीच होते. गोड व चिकट अन्नाचे कण दातांत राहिले की जंतू त्यापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कठीण आवरण झिजविते. म्हणूनच मुलांच्या दातांची वेळीच निगा राखणे हा प्रतिबंधाचा पाया ठरतो.

१९१९ मध्ये ते मायदेशी परतले. तेव्हा या विषयाचे पद्धतशीर शिक्षण देणारी संस्था देशात नव्हती. १९२० मध्ये त्यांनी कलकत्त्यात दंत महाविद्यालय सुरू केले. सरकारी मदत नव्हती. तेव्हा आपल्याच सोडा व आइस्क्रीमच्या दुकानाच्या उत्पन्नातून त्यांनी संस्थेचा खर्च भागविला. गोड पदार्थांच्या विक्रीवर दातांचे शास्त्र जगले, हा योगायोग विलक्षणच! विद्यार्थी मोजकेच होते. परंतु त्यांनी हार मानली नाही. मोहम्मद अली जिना यांच्या भगिनी फातिमा याच संस्थेत शिकल्या आणि १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत दंतचिकित्सालय थाटले.

डॉ. अहमद यांनी १९२५ मध्ये दंतवैद्यकाचे नियतकालिक सुरू केले आणि १९२८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले. रस्त्याकडेला बसून दात उपटणाऱ्यांच्या हाती रुग्ण सोडून चालणार नाही, त्यासाठी कायदा हवा, अशी त्यांची धारणा होती. १९३९ मध्ये बंगालचा आणि १९४८ मध्ये संपूर्ण देशाचा दंतवैद्यकविषयक कायदा झाला, त्यामागे त्यांचे परिश्रम होते. १९४९ मध्ये आपले महाविद्यालय त्यांनी सरकारच्या स्वाधीन केले. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

१९५० ते १९६२ या काळात ते पश्चिम बंगालचे मंत्री होते. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला आणि ९ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांचे निधन झाले.

आज मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. परंतु खेड्यातील रोजंदारीवरचा माणूस अजूनही ठणका असह्य झाल्यावरच शहराची वाट धरतो. मिश्रीचा त्याग, दिवसातून दोनदा दात घासणे आणि शाळकरी मुलांची नियमित तपासणी या गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. त्या गावोगावी रुजतील, तेव्हाच डॉ. अहमद यांनी आरंभिलेले कार्य पूर्णत्वास जाईल.