फाब्र यांचा माळ

फ्रान्स देशाच्या दक्षिण भागात सेरिन्यां नावाचे एक लहानसे गाव आहे. तिकडे खडकाळ, पडीक जमिनीला 'अर्मास' म्हणतात. असाच सुमारे अडीच एकरांचा एक माळ झां आन्री फाब्र यांनी १८७९ साली विकत घेतला. शहाणा शेतकरी अशा जमिनीकडे ढुंकूनही पाहणार नाही; परंतु फाब्र यांना हवी होती ती नेमकी अशीच जमीन.

फाब्र यांचा जन्म १८२३ साली एका गरीब घरात झाला. विसाव्या वर्षाच्या सुमारास ते शाळेत शिक्षक होते. एकदा मुलांना जमिनीची मोजणी शिकविण्यासाठी त्यांनी माळावर नेले, तो मुले मधूनच खाली वाकत आणि गवताच्या काडीने काहीतरी चोखीत! दगडांवर एका रानमाशीने मातीची घरटी बांधली होती व त्यांत मध होता. त्या दिवशी मोजणी किती झाली असेल कोण जाणे; पण गुरुजींना मात्र कीटकांचा छंद जडला. कीटकांवरील एका ग्रंथासाठी त्यांनी महिन्याचा पगार खर्च केला.

पुढे अनेक वर्षे ते रस्त्याच्या कडेला तासन् तास पालथे पडून गांधीलमाश्यांची बिळे पाहत. येणारेजाणारे त्यांना खुळे समजत. पाहणी ऐन रंगात यावी आणि कोणाच्या तरी पावलाने बीळ तुडवले जावे, असेही होई. म्हणून स्वतःचे, कुंपण घातलेले थोडेसे रान असावे, अशी त्यांची इच्छा होती. ती पुरी व्हावयास चाळीस वर्षे लागली. तोवर त्यांचे वय ५५ झाले होते.

पूर्वीच्या मालकाने द्राक्षांसाठी नांगर घालून तेथील थाइम व लॅव्हेंडर यांची सुगंधी झुडपे नाहीशी केली होती. फाब्र यांनी ती पुन्हा लावली. उंटकटाऱ्याच्या जातीची काटेरी झाडे मात्र त्यांनी जशीच्या तशी राखली, कारण त्यांच्या फुलांवर माश्या येत. कुंपणाची भिंत बांधताना गवंड्यांनी दगडांचे व वाळूचे ढीग करून ठेवले होते. काम लांबले आणि दगडांच्या फटींत माश्यांनी, तर वाळूत गांधीलमाश्यांनी बिऱ्हाड केले. शेवटी ढीग हलले, तेव्हा फाब्र हळहळले! घराच्या उंबऱ्याजवळ एका गांधीलमाशीचे बीळ होते. आतबाहेर करताना ते तुडवले जाऊ नये म्हणून घरची मंडळी जपून पाऊल टाकीत.

मे महिन्यात एके सकाळी कोशातून एक मोठी पतंगमादी बाहेर आली. फाब्र यांनी तिला जाळीखाली ठेवले. रात्री पाहतात, तो अंधारात सुमारे ४० नर घरात भिरभिरत होते! मादीचा गंध माणसाला जाणवत नाही. नर मात्र आपल्या मिशांनी तो दुरूनही ओळखतात.

कीटकांच्या पाहणीतून फाब्र यांच्या ग्रंथाचे दहा खंड १८७९ ते १९०७ या काळात प्रसिद्ध झाले. १९१५ साली तेथेच त्यांचे निधन झाले. १९२२ साली फ्रेंच सरकारने तो माळ आणि घर विकत घेतले.