सुत्रो यांची टेकडी

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या ऐन वस्तीत निलगिरीच्या उंच झाडांनी भरलेली एक टेकडी आहे. पायथ्याशी कॅलिफोर्निया विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, वर धुक्यात बुडालेले जंगल. टेकडीला नाव आहे अडॉल्फ सुत्रो यांचे.

सुत्रो १८३० साली प्रशियातील आखेन गावी एका ज्यू कापड कारखानदाराच्या घरी जन्मले. सोन्याच्या गर्दीत १८५० साली ते सॅन फ्रान्सिस्कोला आले आणि सोने खणण्याऐवजी तंबाखू विकू लागले. दहा वर्षांनी नेवाडातील चांदीच्या खाणींत माणसे उकाड्याने आणि पाण्याने कशी बेजार होतात, ते त्यांनी पाहिले. डोंगराच्या पायथ्यापासून बोगदा खणला तर पाणी वाहून जाईल, खाली हवा खेळेल, असे त्यांनी मांडले. खाणमालक आणि त्यांची बँक विरोधात उभी राहिली. १८६९ साली एका खाणीत आग लागून तीसपेक्षा जास्त मजूर मेले, तेव्हा मजुरांच्या संघटनेनेच बोगद्यासाठी पैसे उभे केले. सुमारे चार मैलांचा तो बोगदा १८७८ साली पुरा झाला. तोवर खाणींचा बहर ओसरत आला होता. सुत्रो यांनी आपले भाग वेळीच विकले आणि ते शहरात परतले.

त्या पैशातून त्यांनी वाळूचे माळ आणि उघड्या टेकड्या घेतल्या आणि त्यांवर झाडे लावली. १८८६ च्या वृक्षारोपण दिनी शाळकरी मुलांना रोपे वाटली. स्वतःची बाग लोकांना खुली केली. १८९४ साली लोकांनी त्यांना महापौर निवडले. पुढच्याच वर्षी टेकडीच्या उतारावरची तेरा एकर जमीन त्यांनी विद्यापीठाला महाविद्यालयांसाठी दान केली.

१८९८ साली ते वारले, तेव्हा जमीन अमाप होती, रोकड मात्र बेताची. मृत्युपत्रावरून कज्जे चालले, जमिनी विकल्या गेल्या, त्यांच्या जंगलाच्या बऱ्याच भागावर घरे उभी राहिली. उरलेले मोठे जंगल विद्यापीठाकडे आले, आणि खरा पेच तिथेच पडला. कारण रुग्णालयालाही जागा हवीच होती, आणि रोग्याची खाट मोठी की झाड, या प्रश्नाला सोपे उत्तर नसते.

आसपासच्या रहिवाशांचा वाढत्या इमारतींना विरोध होता. अखेर १९७६ साली विद्यापीठाने एकसष्ट एकर जंगल कायमचे राखीव ठरवले आणि बांधकामालाही मर्यादा घातली. ती मर्यादा ओलांडणारा आराखडा २०२१ साली मंजूर झाला, पण राखीव जंगल त्यातून वगळले गेले. जुन्या झाडांचे आणि आगीच्या धोक्याचे काय करायचे, यावरही तिथे वाद झडले आहेत.

बँकेत ठेव ठेवणारा निघून गेला तरी ठेव राहते, कारण ती कागदावर असते आणि विचारणारा वारस असतो. सुत्रो यांच्या झाडांना कागद मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनी. तोवर विचारणारे वारस होते ते शेजारीपाजारी.