नाईलवरचा ग्रंथ आणि घरातला बास

लॉर्ड रॅले म्हणजे इंग्लंडचे जॉन विल्यम स्ट्रट. जन्म १८४२ चा. लग्नाला वर्ष होण्याआधीच संधिज्वराने त्यांना गाठले आणि ते मरणाच्या दारातून परतले. हवापालटासाठी १८७२ च्या अखेरीस ते नाईल नदीच्या प्रवासाला गेले आणि तिथेच ध्वनिशास्त्रावरचा ग्रंथ लिहायला घेतला. त्याचा पहिला खंड १८७७ मध्ये निघाला. आवाज करणारा आणि ऐकणारा यांनी जागांची अदलाबदल केली तरी आवाज तितकाच पोहोचतो, हा हेल्महोल्ट्झ यांचा नियम रॅले यांनी अधिक व्यापक केला. आरगॉन वायूच्या शोधासाठी त्यांना १९०४ चे नोबेल मिळाले. १९१९ मध्ये ते गेले.

त्यांचा नियम आजही घरात उपयोगी पडतो. कळंबोलीतल्या फ्लॅटमधली १२ फूट लांबीची खोली घ्या. तिथे ४७ हर्ट्झच्या आसपासचा बास समोरासमोरच्या भिंतींपाशी घुमतो, मध्यावर जवळपास हरवतो. म्हणून सबवूफर काही वेळ सोफ्यावर, नेहमीच्या बसण्याच्या जागी ठेवावा. बासचे गाणे लावून, कान जमिनीलगत नेत भिंतीकडेने फिरावे. जिथे बास एकसारखा आणि स्पष्ट ऐकू येईल, तिथेच सबवूफर ठेवावा. आवाज वाढवण्याची गरज उरत नाही. कानांना आणि शेजाऱ्यांनाही आराम.