युलियस वाग्नर-याउरेग

युलियस वाग्नर-याउरेग (जन्म : ७ मार्च १८५७, वेल्स, ऑस्ट्रिया, मृत्यू : २७ सप्टेंबर १९४०, व्हिएन्ना) हे ऑस्ट्रियन मनोविकारतज्ज्ञ होते. उपदंशाच्या जंतूंमुळे मेंदूला होणाऱ्या सर्वांगघात या विकारावर हिवतापाचा ताप वापरून उपचार करण्याची पद्धत त्यांनी शोधली. त्यासाठी त्यांना १९२७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले मनोविकारतज्ज्ञ होत.

शिक्षण व कार्य

त्यांनी व्हिएन्ना विद्यापीठातून १८८० साली वैद्यकाची पदवी घेतली. १८८९ साली ग्राट्स येथे आणि १८९३ साली व्हिएन्ना येथे त्यांची प्राध्यापकपदी नियुक्ती झाली. १९२८ साली ते निवृत्त झाले. गलगंड टाळण्यासाठी मिठात आयोडीन मिसळावे, असा आग्रहही त्यांनी धरला होता.

ज्वरोपचार

१८८३ साली एका मनोरुग्ण स्त्रीला विसर्प हा त्वचेचा जंतुसंसर्ग होऊन ताप आला आणि त्यानंतर तिचा मनोविकार ओसरला. या निरीक्षणातून वाग्नर-याउरेग यांचे लक्ष तापाकडे वेधले गेले. ताप हेच उपचाराचे साधन होऊ शकेल, असा विचार त्यांनी १८८७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात मांडला. पुढे त्यांनी ट्युबरक्युलिन टोचून ताप आणून पाहिला. परंतु त्याचा गुण टिकत नसे.

सर्वांगघाताच्या रुग्णाची बुद्धी व हालचाल क्षीण होत जाऊन बहुधा काही वर्षांतच मृत्यू येई. जून १९१७ मध्ये वाग्नर-याउरेग यांनी हिवताप झालेल्या एका सैनिकाचे रक्त अशा रुग्णांना टोचण्यास सुरुवात केली. एक दिवसाआड येणारा हा ताप क्वीनीन देऊन थांबवता येत असल्यामुळे त्यांनी त्याची निवड केली होती. पहिल्या नऊ रुग्णांपैकी सहा जणांत लक्षणीय सुधारणा दिसली. मात्र ती सर्वांत टिकली नाही. तरीही ही पद्धत लवकरच अनेक देशांत रूढ झाली.

जंतुसंसर्ग झाला असता शरीरातील पेशींतून स्रवणारी रासायनिक द्रव्ये मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्राची पातळी वाढवतात. त्यामुळे थंडी वाजते, कापरे भरते आणि ताप चढतो. वाढलेल्या तापमानात अनेक जंतूंची वाढ मंदावते आणि पांढऱ्या पेशींचे कार्य अधिक जोमाने चालते. उपदंशाचे जंतू तर उष्णतेपुढे विशेष दुर्बल असतात. मात्र फार चढलेला किंवा दीर्घकाळ टिकणारा ताप शरीरालाही घातक ठरतो.

मूल्यमापन

या उपचारात काही रुग्ण हिवतापानेच दगावले. बुद्धिभ्रंश झालेल्या रुग्णांना दुसरा रोग जाणूनबुजून देणे कितपत योग्य, हा प्रश्न आजही वैद्यकीय नीतिशास्त्रात चर्चिला जातो. १९४० च्या दशकात पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावर ज्वरोपचार मागे पडला. वाग्नर-याउरेग यांनी वंशसुधारणेच्या विचारांचा पुरस्कार केला होता व उतारवयात नाझी पक्षाच्या सदस्यत्वासाठी अर्जही केला होता; त्यामुळे त्यांचे चरित्र वादग्रस्त ठरले आहे. तथापि, ताप हा केवळ दडपून टाकावयाचा उपद्रव नसून शरीराच्या प्रतिकाराचा भाग असू शकतो, ही जाणीव दृढ होण्यास त्यांच्या कार्याचा हातभार लागला.