दुष्काळातल्या पोरींची माय : पंडिता रमाबाई

आपल्या मेहकर भागात सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही विचारा, १९७२ चा दुष्काळ अजून डोळ्यांपुढे आहे. रोजगार हमीवर खडी फोडलेली, लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडीवर दिवस काढलेले, बैल बेभाव विकलेले. पण त्या दुष्काळात सरकारने काम तरी दिलं. त्याच्याही पाऊणशे वर्षं आधी, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले, तेव्हा गावंच्या गावं उठली. दुसऱ्या दुष्काळात आपला वऱ्हाडही होरपळून निघाला. अशा वेळी पुरुष कामाच्या शोधात निघून जातो, म्हातारी माणसं मरतात आणि मागे राहतात त्या पोरी आणि विधवा. त्यांना कोणी वाली नसतो.

त्या दोन दुष्काळांत अशा हजारो पोरींना हाताला धरून घरी आणणारी एक मराठी बाई होऊन गेली. तिचं नाव पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात तिच्यावर चार ओळी असतात. संस्कृतच्या विदुषी, विधवांसाठी काम केलं, ख्रिस्ती झाल्या, एवढंच आपल्याला ठाऊक. पण त्यांनी शंभर एकर माळावर विहिरी खोदून एक गाव उभं केलं, आणि ख्रिस्ती होऊनही कुठल्याच मिशनच्या किंवा बिशपच्या हाताखाली न जाता स्वतःची मंडळी चालवली, हे फारसं सांगितलं जात नाही. शेतकऱ्याला आणि गावच्या कारभाऱ्याला त्यातून घेण्यासारखं बरंच आहे.

विद्या होती, काम नव्हतं

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना नातेवाइकांचा आणि शास्त्रीमंडळींचा विरोध सोसावा लागला, आणि म्हणूनच त्यांनी रानात बिऱ्हाड मांडलं. रमाबाईंना अक्षरओळख झाली ती आईकडून, लक्ष्मीबाईंकडून. पुढे सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, देवळांतून पुराण सांगत देशभर फिरू लागलं. श्रोते देतील त्यावर गुजराण.

१८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि पुराण ऐकायलाच माणूस उरला नाही. या कुटुंबाजवळ विद्या भरपूर होती, पण हाताला कसलंच काम येत नव्हतं. मजुरी करायची तर सवय नाही, भीक मागायची तर लाज. होतं नव्हतं ते विकून खाल्लं, शेवटी झाडपाला आणि रानातली बोरं खायची वेळ आली. थोड्या महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. उरले भाऊ श्रीनिवास आणि रमा. दोघं पायी फिरत उत्तरेकडे गेली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी सोसेना म्हणून वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या.

उपाशी माणसाला नुसत्या उपदेशाचा उपयोग नसतो, त्याच्या हाताला काम लागतं, हे रमाबाई तिथे शिकल्या. पुढे त्यांनी जे जे उभं केलं त्यात शाळेच्या जोडीला कामाची शाळा आहेच, त्याचं मूळ या दिवसांत आहे.

कलकत्ता, पुणे आणि विलायत

१८७८ साली बहीणभाऊ कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवासही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, त्यामुळे दोन्हीकडच्या समाजाने वाळीत टाकलं. १८८१ ला मुलगी झाली, मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू पटकीने गेले. तेवीस वर्षांची बाई, कडेवर दहा महिन्यांची पोर, पाठीशी माहेर नाही की सासर नाही.

रमाबाई पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आदी सुधारकांच्या पाठिंब्याने त्यांनी आर्य महिला समाज काढला. शिक्षणाची चौकशी करायला आलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि मुलींसाठी शिक्षिका हव्यात, बायकांसाठी बाई डॉक्टर हव्यात, असं ठासून सांगितलं. १८८३ ला त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब उडाला. त्या वेळी त्यांच्या बाजूने जी थोडी माणसं लिहिती झाली त्यांत शेतकऱ्याचा असूड लिहिणारे महात्मा जोतीराव फुले होते. त्यांनी १८८५ च्या सत्सारात रमाबाईंची बाजू घेतली.

नव्या भटजींपुढेही मान तुकवली नाही

आता पुढची गोष्ट बघा. ख्रिस्ती झाल्या म्हणजे बाई इंग्रजांच्या चर्चचं सगळं निमूट ऐकणार, असं सगळ्यांनाच वाटलं होतं. पण इंग्लंडमध्येच त्यांचे चर्चच्या माणसांशी खटके उडाले. धर्मग्रंथ स्वतः वाचून पटेल तेवढंच मानायचं, ही त्यांची सवय. चर्चच्या ज्या शिकवणुकी त्यांना ग्रंथात सापडल्या नाहीत त्या त्यांनी मान्य केल्या नाहीत. एका बाईने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांचं म्हणणं पडलं, तेही त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं नाही. एका पुरोहितवर्गाच्या तावडीतून सुटून दुसऱ्याच्या हाती जायचं नाही, हे त्यांनी पत्रांतून स्पष्ट कळवलं. हिंदुस्थानी ख्रिस्ती माणूस विलायती साच्यातच बसला पाहिजे, हे त्यांना कधी पटलं नाही. शाकाहार त्यांनी सोडला नाही, राहणीही साधी देशीच ठेवली.

त्या काळात आपल्याकडे ख्रिस्ती झालेला माणूस बहुधा मिशनच्या आश्रयाला असे. पगार मिशनचा, घर मिशनचं, म्हणून शब्दही मिशनचा. ही बेडी तोडणारे थोडे. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मिशन सोडून १९१७ मध्ये देवाचा दरबार काढला. रमाबाई त्याच्या कितीतरी आधीपासून त्याच वाटेने चालल्या होत्या.

१८८६ ला त्या अमेरिकेला गेल्या. गावोगाव व्याख्यानं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. त्या बळावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. सदनातली एक विद्यार्थिनी गोदूबाई. तिच्याशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला. त्याच साली सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळताहेत या कारणावरून मोठं वादळ झालं. केसरीने झोड उठवली. रानडे आणि भांडारकरांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या.

इथे दोन्ही बाजू सांगायला हव्यात. संस्थेत धर्माची सक्ती नव्हती, पण रमाबाई आपली प्रार्थना दार उघडं ठेवून करत आणि मुली येऊन बसत. विश्वासाने मुली सोपवणाऱ्या आईबापांना ते खटकलं, यात नवल नाही. मात्र त्याच विधवांना घरात केशवपन करून कोपऱ्यात बसवणाऱ्या समाजाने त्यांच्यासाठी दुसरं काय केलं होतं, हा रमाबाईंचा सवालही खोटा नव्हता.

केडगावचा माळ

अमेरिकेची मदत दहा वर्षांची. ती संपली की पुढे काय? रमाबाईंनी विचार केला तो शेतकऱ्यासारखा. पुण्याहून दौंडकडे जाताना रेल्वेवर केडगाव लागतं, तिथे त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली. संत्री, लिंबू, आंबा अशी फळझाडं लावली. बागेच्या उत्पन्नावर संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी हा हिशोब.

एवढ्यात १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून, म्हणजे आपल्या वऱ्हाडाला लागून असलेल्या मुलखातून, बातम्या येऊ लागल्या. दुष्काळात आईबाप आणि बहीण गमावलेल्या रमाबाईंना घरात बसवेना. त्या जबलपूरकडे गेल्या. सरकारी दुष्काळी छावण्यांतून पोरींचे काय हाल चालले आहेत आणि त्यांना फूस लावून पळवणारे दलाल कसे टपले आहेत, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्या फेरीतून सुमारे तीनशे मुली आणि बाया त्यांनी आणल्या.

पुण्यात तेव्हा प्लेग. एवढ्या माणसांना शहरात ठेवायला मनाई झाली, म्हणून सगळ्यांना केडगावच्या शेतात नेलं. आधी राहुट्या आणि छपरं, मग पक्क्या इमारती. त्या वस्तीचं नाव मुक्ती. शारदा सदन मुख्यतः वरच्या जातींच्या विधवांसाठी निघालं होतं. मुक्तीत मात्र शेतकऱ्याची, मजुराची, कुठल्याही जातीची पोर आली. रमाबाईंचं काम खऱ्या अर्थाने खेड्यापाड्यातल्या बाईपर्यंत पोचलं ते दुष्काळामुळे.

सरकारचीही त्यांनी भीड ठेवली नाही. १८९७ मध्ये प्लेगच्या इस्पितळात नेलेली त्यांची एक मुलगी परत आली नाही, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून सरकारी प्लेग व्यवस्थेचे वाभाडे काढले. त्याचा बोभाटा विलायतेपर्यंत गेला. सरकार ख्रिस्ती, आपणही ख्रिस्ती, म्हणून गप्प बसणं त्यांना जमलं नाही.

दोन विहिरी, दोन हजार माणसं

१८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरात-राजपुताना बाजूकडून पुन्हा मुली आल्या. मुक्तीची वस्ती एकोणीसशेच्या वर गेली, शिवाय गुरंढोरं. पाऊस नाही आणि सगळा भरवसा विहिरींवर. दिवस मावळेपर्यंत विहिरींचा तळ दिसायचा आणि रात्रीतून झऱ्यांनी परत पाणी भरायचं. रमाबाईंनी ही देवाची कृपा मानली. तुम्ही काहीही माना, पण माळावर घर बांधण्याआधी विहीर पाहणारी ती बाई होती, हे विसरू नका.

मुक्तीत लिहिणं-वाचणं सगळ्यांना होतंच. त्याशिवाय कोणी शेतात, कोणी दूधदुभत्यात, कोणी मागावर, कोणी शिवणकामात, कोणी तेलाच्या घाण्यावर. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवत. फसवल्या गेलेल्या बायांसाठी कृपा सदन वेगळं. छापखानाही बायाच चालवत, खिळे जुळवणं बायांचं आणि यंत्रही बायांच्याच हाती.

इथली ख्रिस्ती मंडळी कुठल्याही एका पंथाची नव्हती. मोठं प्रार्थनामंदिर उभं राहिलं, पण त्यावर कोणा मिशनची सत्ता नव्हती. पैसा बराचसा परदेशातल्या देणगीदारांकडून येई, हे खरं. पण देणगी घेतली म्हणून देणगीदाराचा हुकूम घेतला, असं झालं नाही.

शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या भाषांतराला दिली. उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. एवढी संस्कृतची पंडिता, पण भाषांतरात तिने संस्कृत शब्द शक्यतो टाळले. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला स्वतः वाचून कळलं पाहिजे, मधे सांगणारा नको, हा आग्रह. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. एकुलती एक मुलगी आणि कामाची वारस तीच. तो घाव सोसून रमाबाईंनी काम पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. मुक्ती मिशन केडगावला आजही चालू आहे.

आपल्या गावाचं काय?

रमाबाईंचा धर्म आपला असो-नसो, त्यांनी विचारलेला प्रश्न आपल्या दारात उभा आहे. २००६ साली केंद्राने शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यात बुलडाणा होता. धनी गेला की कर्ज बाईच्या माथी येतं, जमीन मात्र तिच्या नावावर असतेच असं नाही. मग सासरचं दार बंद झालं की ती कुठे जाणार? हयातीतच बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय लक्ष्मीमुक्ती योजनेत १९९२ पासून आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, आणि शासनाने परिपत्रक काढून तो सगळ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी यांनी एवढंच बघावं. आपल्या गावात तो ठराव झाला का? झाला असेल तर पाळला जातो का? गावातल्या किती बायांची नावं सातबाऱ्यावर आहेत? यासाठी शंभर एकर जमीन नको, अमेरिकेची मदत नको. येत्या ग्रामसभेत विषय मांडला तरी सुरुवात होईल.